यूरमूर : एका 'र'ची आणि एका हरवलेल्या नावाची गोष्ट

(१)
आजचा धागा एका नॉर्वेजियन जोडशब्दाविषयी आहे. शब्द आहे 'यूरमूर'. अर्थ : सुईण. 'यूर' म्हणजे जमीन, माती, भूमी; 'मूर' म्हणजे आई. भूमी अधिक आई, आणि उत्तर मात्र सुईण! ही बेरीज कशी जुळली, याचा शोध घेताना मी हजार वर्षे मागे गेले आणि शेवटी माझ्याच घराच्या मागच्या दारापाशी येऊन थांबले. धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

(२)
प्रथम हा शब्द मला कसा भेटला ते सांगते. आम्ही तेव्हा पश्चिम नॉर्वेतील एका फियोर्डच्या काठी, लहानशा गावात राहत होतो. प्रसूतीची सोय असलेले रुग्णालय दीड तासाहून दूर, मध्ये फेरीबोट. अशा अंतरावर राहणाऱ्या गर्भवतीसोबत प्रवासात एक सुईण द्यावी, अशी व्यवस्था त्या देशात आहे. फेब्रुवारीतील एका रात्री कळा सुरू झाल्या आणि रुग्णवाहिकेत माझ्या शेजारी साठीच्या घरातील एक स्त्री येऊन बसली. तिने आपले नाव सांगितले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी तुझी यूरमूर."

(३)
मला तोवर मोडकी नॉर्वेजियन भाषा येत होती. 'यूर' आणि 'मूर' हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे ठाऊक होते. दोन कळांच्या मधल्या अवकाशात मी विचारले, "भूमीची आई? असे का?" ती हसली. "बायका पूर्वी जमिनीवर गुडघे टेकून बाळंत होत. मूल जमिनीवर यायचे. त्याला उचलून घेणारी ती यूरमूर." पहाटे माझी मुलगी जन्मली तेव्हा मीही फरशीवर अंथरलेल्या गादीवर गुडघे टेकूनच होते, आणि तिला उचलून माझ्या छातीशी देणारे हात त्याच स्त्रीचे होते. तेव्हापासून त्या व्युत्पत्तीवर माझा विश्वास बसला. अशा पहाटे ऐकलेल्या गोष्टीवर शंका कोण घेईल?

(४)
शंका पुढे पुस्तकांनी घेतली. हा शब्द लिहिताना 'यूर'च्या अखेरीस 'द' लिहितात, पण उच्चारात तो गळून जातो. जुन्या नॉर्स भाषेत भूमीला 'यॉर्द' म्हणत. त्याच भाषेत आणखी एक शब्द होता, 'योद'. त्याचा अर्थ नुकते जन्मलेले मूल. प्रसूतीच्या वेदनांना 'योदसोत' म्हणत, म्हणजे बालकाचे दुखणे. 'रीग्सथुला' या प्राचीन काव्यातही मूल जन्मल्याचे सांगताना हाच 'योद' शब्द येतो. 'यॉर्द' आणि 'योद' यांच्यामध्ये ठळक अंतर एका 'र'चे आहे.

(५)
म्हणून काही अभ्यासकांचे म्हणणे असे : मूळ शब्द 'बालकाची आई', म्हणजे बाळंतपण करणारी, असा असावा. पुढे 'योद' हा शब्द लोकांच्या बोलण्यातून गेला. अर्थ हरवलेला शब्द जिभेला टोचत राहतो. मग लोकांनी त्याच्या जागी जवळचा, ओळखीचा 'यॉर्द' ऐकला आणि बालकाच्या आईची भूमीची आई झाली. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दाचे मूळ विसरल्यावर लोक त्याला स्वतःच्या समजुतीचे मूळ लावतात आणि त्या समजुतीप्रमाणे शब्दाचे रूपही बदलते.

(६)
दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. मध्ययुगीन डॅनिश लेखनात या शब्दात 'र' स्पष्ट दिसतो. स्वीडिश भाषेत सुईणीला पूर्वी 'यूर्देगुम्मा' म्हणत, म्हणजे भूमीची म्हातारी. नॉर्वेचा आजचा शब्दही मोठ्या प्रमाणात डॅनिश लेखनभाषेच्या वळणाने आलेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कशी जोडलेला होता आणि कायदे, फर्माने, धर्मग्रंथ डॅनिशमध्येच लिहिले जात. या पक्षाचे म्हणणे असे की भूमी आहे तीच खरी, आणि माझ्या सुईणीने सांगितलेली कथाही खरी.

(७)
उचलण्याच्या कल्पनेला शेजारच्या भाषांतही साक्षीदार आहेत. जर्मन भाषेत सुईणीला 'हेबामे' म्हणतात. तिचे हजार वर्षांपूर्वीचे रूप 'हेविआना', म्हणजे उचलून घेणारी आजी. रोमन लोकांची 'लेवाना' नावाची एक देवता होती. तिचे नावच 'उचलणे' या क्रियापदावरून आलेले. जमिनीवरचे मूल उचलण्याची ती अधिष्ठात्री. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात तिचा उल्लेख केला आहे. मूल जमिनीवर येते आणि कोणीतरी ते उचलते, या क्षणाला युरोपात फार जुना अर्थ होता.

(८)
तो अर्थ केवळ कोमल नव्हता. ख्रिस्तपूर्व नॉर्स समाजात जन्मलेले प्रत्येक मूल आपोआप घरचे होत नसे. ते वडिलांपुढे नेले जाई. त्याने स्वीकारले तर मुलावर पाणी शिंपडून नाव ठेवले जाई. नाव मिळाले की ते माणूस. त्याआधी मूल अशक्त असेल, घरात दाणा नसेल किंवा ते नकोसे असेल, तर त्याला बाहेर नेऊन टाकले जाई. या कृत्याचाही एक जोडशब्द आहे : 'उतबुर्द'. 'उत' म्हणजे बाहेर, 'बुर्द' म्हणजे वाहून नेणे. 'बुर्द'चे क्रियापद आपल्या 'भृ' धातूचे, म्हणजे 'भार' आणि 'भरण' या शब्दांचे दूरचे भावंड आहे.

(९)
१०२४ साली राजा ओलाव याच्या काळात मोस्टर बेटावरच्या सभेत ख्रिस्ती कायदा स्वीकारला गेला आणि त्या परंपरेतील कायद्यांनी ही प्रथा मोडीत काढली. पण 'उतबुर्द' हा शब्द मात्र मेला नाही. लोककथांत तो भुताचे नाव होऊन राहिला. नाव न मिळता टाकलेल्या मुलाचा आत्मा रानात रडत फिरतो. वाटसरूने त्याचे नाव ठेवले, त्याला बाप्तिस्मा दिला, की तो शांत होतो. त्या भुताची मागणी पाहा. त्याला सूड नको, अन्न नको. नाव हवे. ही गोष्ट लक्षात ठेवा. धाग्याच्या अखेरीस तिच्याकडे परतायचे आहे.

(१०)
प्रसूतीभोवतीचे इतर नॉर्वेजियन शब्दही पाहण्यासारखे आहेत. बाळंतपणानंतरच्या काळाला 'बार्शेल' म्हणतात. रुग्णालयातील त्या विभागाचे नाव आणि त्या रजेचे नावही त्यावरूनच. मूळ रूप 'बार्न्स-ओल', म्हणजे बाळाची बिअर! मूल जन्मले की शेजार जमे आणि घरी गाळलेली बिअर पिऊन आनंद साजरा होई. शब्द घासत घासत इतका लहान झाला की आज रजेचा अर्ज भरणाऱ्या आईला त्यातली बिअर दिसत नाही. अंत्यविधीनंतरच्या जमावाला 'ग्राव-ओल', म्हणजे थडग्याची बिअर, म्हणत. माणूस येताना आणि जाताना एकाच पेयाने समाज त्याची नोंद घेई.

(११)
'नेदकोम्स्त' हा आणखी एक जुना शब्द. 'नेद' खाली, 'कोम्स्त' येणे, अर्थ प्रसूती. हा जर्मन वळणाने आलेला. आणि 'फोर्लोसनिंग' : या एकाच शब्दाचे दोन अर्थ, प्रसूती आणि मुक्ती. रुग्णालयात तो ऐकला तेव्हा मला एकदम आजी आठवली. कोणी बाळंत झाल्याचे ती कधी थेट सांगत नसे. "तिची सुटका झाली," म्हणे. दोन भाषा, दोन टोके, आणि बाईच्या देहाविषयी दोघींनी काढलेला निष्कर्ष एकच.

(१२)
यूरमूर हे सरकारी पद कसे झाले, हेही थोडक्यात. त्याआधी खेड्यापाड्यांत होती 'नेरकूने', म्हणजे जवळची बाई. शेजारीण, चुलती, अनुभवी म्हातारी. १६८५ च्या डेन्मार्क-नॉर्वेच्या चर्चविधी-संहितेने सुईणींना धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली आणले, कारण मूल दगावत असेल तर तातडीचा बाप्तिस्मा तिच्याच हातून होई. १८१० च्या नियमावलीने देशाची सुईण-क्षेत्रे पाडली आणि परीक्षा दिलेल्या सुईणी नेमण्याची व्यवस्था केली. शिक्षणासाठी पूर्वी कोपनहेगनला जावे लागे. १८१८ मध्ये ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, शाळा निघाली आणि १८६१ मध्ये बेर्गेनला दुसरी. १९०८ मध्ये सुईणींनी स्वतःची संघटनाही उभी केली.

(१३)
या बदलाला दोन बाजू होत्या. शिकलेली सुईण आली, पुढे हात निर्जंतुक करण्याची शिस्त आली आणि असंख्य स्त्रिया जगल्या, हे निर्विवाद. पण नेरकूने हळूहळू बेकायदा ठरली. पिढ्यान्‌पिढ्या जिने गावाची मुले उचलली, तिची कोणत्याच वहीत नोंद नाही. चर्चच्या नोंदवहीत आईबापांची नावे आहेत, बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची आहेत, तिचे नाही. शिकलेल्या यूरमूरला मात्र प्रत्येक प्रसूतीची नोंद ठेवावी लागे. त्या वह्या आज अभिलेखागारांत जपून ठेवलेल्या आहेत. यूरमूरचे नाव उरले. नेरकूनेचे पुसले गेले.

(१४)
आणि आता आपला शब्द. लहानपणी मला वाटे की 'सुईण' हा शब्द 'सुई'वरून आला आहे. दवाखान्यातील परिचारिका सुई टोचते, तशी बाळंतपणात सुई टोचणारी ती सुईण! म्हणजे लोकव्युत्पत्ती करायला विद्वान व्हावे लागत नाही. सहा वर्षांची मुलगीही ती करते. सुईण हा शब्द खरे तर 'सू' या संस्कृत धातूच्या कुळातला. सू म्हणजे प्रसवणे. प्रसूती, प्रसव, सूतिका ही त्याच घरची माणसे. याच धातूवरून संस्कृतात पुत्राला 'सूनु' म्हणतात, आणि त्या सूनूचे सख्खे नॉर्वेजियन भावंड म्हणजे 'सॉन', मुलगा. त्यांची 'मूर' तर आपली 'मातृ'च. त्या रुग्णवाहिकेत मी परक्या भाषेत नव्हते. एका फार जुन्या घराच्या दुसऱ्या खोलीत होते.

(१५)
मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा तिच्या जन्माचे कागद चाळत होते. त्यांवर वेळ, वजन, उंची, आणि खाली त्या दोन सुईणींची नावे : प्रवासात सोबत आलेली आणि रुग्णालयातली. मनात सहज प्रश्न आला. माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात, घरीच जन्मले. त्यांना कोणी उचलले? आजी आता नाही. मी आत्याला फोन लावला.

(१६)
"अगं, गावकुसाबाहेरची एक म्हातारी होती," आत्या म्हणाली. "सगळ्या गावाची बाळंतपणं तीच करायची. मागच्या दारानं यायची. तुझे वडील आडवे होते. दोन दिवस आईला कळा. तिनं हातानं फिरवून सरळ केलं. ती नसती तर दोघंही गेली असती, असं आई कायम सांगायची."
"आत्या, तिचं नाव काय होतं गं?"
पलीकडे बराच वेळ शांतता.
"नाव? सुईणच म्हणायचे सगळे. आईपण सुईणच म्हणायची."

(१७)
पुढचेही आत्याने सांगितले, कारण मी विचारत राहिले. नाळ तिनेच कापली, तिनेच पुरली. पाचवीला तिला लुगडे, खण-नारळ आणि पायलीभर ज्वारी दिली. ती दारातच उभी राहिली. वस्तू वरून टाकल्या. ती गेल्यावर तिने जिथे जिथे हात लावला, तिथे तिथे शेणाने सारवून घेतले. गाव जिला शिवून घेत नव्हते, तिच्याच हातात गावाचे प्रत्येक मूल पहिल्यांदा पडत होते. माझ्या वडिलांच्या अंगाला लागलेला पहिला मानवी हात तिचा. त्यांना न्हाऊ घातले ते तो हात धुऊन काढायलाही.

(१८)
यूरमूरची व्युत्पत्ती मी त्यानंतर पुन्हा वाचली. एका 'र'चा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तो मिटवायची घाई राहिली नाही. समजा, 'भूमी' ही चूकच असेल. तरी ती चूक कोणी केली? मूळ शब्द विसरल्यावर लोकांनी त्यात भलतेच काही भरले नाही. त्यांनी डोळ्यांसमोर जे दिसत होते तेच भरले : गवताने झाकलेली जमीन, गुडघ्यांवर बसलेली बाई, आणि खाली वाकून उचलणारे दोन हात. व्युत्पत्ती म्हणून ती चुकीची ठरू शकते. साक्ष म्हणून नाही.

(१९)
आइसलँडच्या लोकांनी याच कामाला आणखी वेगळे नाव दिले : 'ल्योसमोदिर', प्रकाशाची आई. १५८४ च्या आइसलँडिक बायबलमध्ये तो शब्द प्रथम आढळतो. २०१३ मध्ये तेथील लोकांनी आपल्या भाषेतील सर्वांत सुंदर शब्द म्हणून त्याचीच निवड केली. इंग्रजीतील 'मिडवाइफ'चा मूळ अर्थ 'बाईसोबत असलेली'. फ्रेंचमध्ये ती 'शहाणी बाई'. भूमी, प्रकाश, सोबत, शहाणपण. आज नॉर्वेत काही पुरुषही हे काम करतात आणि त्यांनाही यूरमूरच म्हणतात. म्हणजे शब्दातील 'आई' ही देहाची नव्हे, कामाची.

(२०)
आमचा शब्दही काही कमी नाही. पुत्राचे आणि प्रसूतीचे मूळ पोटात घेऊन तो हजारो वर्षे चालत आला आहे. दोष शब्दाचा नाही. आम्ही त्याचा उपयोग मात्र नाव झाकण्यासाठी केला. 'सुईण' म्हटले की पुढे काही विचारायचे उरत नसे. फियोर्डच्या रानात नाव मागत फिरणाऱ्या त्या मुलाच्या भुताची कथा वाचताना मला वाटले, आपल्याकडे उलटे झाले. मुलांना नावे मिळाली, बारशी झाली, पेढे वाटले. ज्या स्त्रियांनी त्यांना उचलले, त्याच नावावाचून राहिल्या.

(२१)
आत्या गेल्या दिवाळीत गावी गेली होती. तिने दोन-तीन जुन्या घरांत विचारले. एका वृद्धेला इतके आठवले की म्हातारीला एक मुलगी होती आणि तीही बाळंतपणे करी. नाव तिलाही आठवले नाही. मी माझ्या मुलीच्या जन्माच्या कागदांसोबत एक कोरा कागद ठेवला आहे. त्यावर वर वडिलांचे नाव, जन्माचे गाव आणि तिथी लिहिली आहे. खाली 'सुईण' असे लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे.

(२२)
धागा येथे संपतो. वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या घरात अजून सत्तरी-ऐंशीतले कोणी असेल, तर आजच विचारा : तुम्हाला कोणी उचलले? जात, दार, ज्वारी हे सगळे त्यांना आठवेल. त्याच्याही पलीकडे जाऊन नाव विचारा. आठवले तर ते घरच्या वहीत लिहून ठेवा, पूर्ण नाव, जसे सांगतील तसे.